भिंतीतली ताई

बुधवार, १२ नोव्हेंबर

घसा पार बसला आहे. बुटीबोरीच्या शाळेत दीड तास माईकशिवाय बोलले. साठ मुलं, त्यातली निम्मी कारखान्यांतल्या कामगारांची.

मधुकररावांना फेब्रुवारीत नवं पुस्तक हवं आहे. तीस वर्षं माझी पुस्तकं तेच छापताहेत, त्यामुळे माझं कुठे अडलंय हे त्यांना न सांगता कळतं. दोन वर्षांत माझ्या हातून एक धड गोष्ट झालेली नाही, आणि हे मी या वहीशिवाय कुठेच कबूल करत नाही. त्यांनीच युक्ती काढली. एकाच शाळेत पाच बुधवार जायचं, मुलांनी गोष्टी सांगायच्या, त्यातून मी पुस्तक करायचं. आज नुसती ओळख झाली.

चौथीच्या वर्गशिक्षिका सोनिका फार चटपटीत मुलगी आहे. शाळेला पाण्याचा कूलर देणारे एक वयस्क गृहस्थ मुद्दाम भेटायला आले. सगळे त्यांना बापूजी म्हणतात. शाळेमागे त्यांच्या भाड्याच्या खोल्यांची लांबलचक रांग आहे. हात जोडून म्हणाले, "आमची पोरगी वेदिका तुमच्याच पुस्तकांवर वाढली, मॅडम. आता पुण्याले शिकून राहिली." मग त्यांनी संत्र्यांची पिशवी माझ्या हातात दिली. असे वाचक भेटले की दिवस बरा जातो.

बुधवार, १९ नोव्हेंबर

मिळाली. गोष्ट मिळाली!

मुलांच्या वाघ-उंदरांच्या गोष्टी चालल्या होत्या. शेवटच्या बाकावरची नूपुर नावाची मुलगी उभी राहिली. किरकोळ, दोन वेण्या. सोनिका कानात म्हणाली, "ही कधीच बोलत नाही, मॅडम."

नूपुर म्हणाली, "आमच्या खोलीच्या मागच्या भिंतीत एक ताई राहते."

वर्ग एकदम गप्प झाला. एकही मूल हसलं नाही. मुलं भुताच्या गोष्टीला खिदळतात, एकमेकांना चिमटे काढतात. ही मुलं खाली बघत बसली.

"कशी राहते ती?"

"बसून राहते. एकदा ठोकलं तं समजायचं, मी आहे. दोनदा ठोकलं तं कोणी येऊन राहिलं. तीनदा ठोकलं तं भूक लागली."

"आणि खाते काय?"

"ताट येते दाराखालून. सरकत सरकत. कधी येतच नाही."

"भिंतीत गेली कशी?"

"तिच्या बाबानं ठेवलं."

मी भराभर लिहून घेत होते. ती नखानं भिंतीवर दिवस मोजते. नळाचा पाइप जिथून जातो तिथे बोटभर भोक आहे, तिथून बोलते, पण हळू. दुपारी आईबाबा ड्यूटीवर गेले की नूपुर तिथे कान लावून बसते. तपशील उत्तम. एवढं बारीक मला तीस वर्षांत सुचलं नाही.

सुटीत नूपुर माझ्याजवळ आली. "मॅडम, हे गोष्टच आहे ना? आई म्हणते, गोष्ट म्हणूनच सांग, नाही तं सांगूच नको."

तिची आईही रसिक दिसते. मी म्हटलं, "गोष्टच आहे, आणि फार सुंदर आहे."

तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पाणी प्यायला निघून गेली.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

गांधीबागेत मधुकररावांकडे गेले होते. खाली कापडाची ठोक दुकानं, हमालांची आरडाओरड, आणि वरच्या मजल्यावर आमचं कार्यालय. त्यांनी टिपणं वाचली आणि चष्मा काढून ठेवला. "बाई, हे काहीतरी निराळं आहे. नाव काय देता?"

"भिंतीतली ताई," मी म्हटलं. तिथल्या तिथे ठरलं.

अमोल चित्रं काढणार. माझ्या मागच्या चारही पुस्तकांची चित्रं त्याचीच आहेत. बुधवारी नूपुरनं काढून दिलेलं ताईच्या खोलीचं चित्र त्याला नमुना म्हणून दिलं. तो खिडकीपाशी जाऊन ते बराच वेळ न्याहाळत राहिला.

"ताई, कुलूप बाहेरून आहे," तो मला म्हणाला.

"मग?"

"मुलं भूत काढतात तेव्हा कुलूप कशाला काढतील? भूत तर कुठूनही निघून जातं. आणि हे पाहा, दाराच्या खालची फळी कापली आहे. ताट जाईल एवढीच."

मी म्हटलं, अरे, नूपुरची कल्पनाच तशी पक्की आहे. अमोल 'हो' म्हणाला, पण चित्र परत देताना त्यानं ते पालथं करून दिलं.

बुधवार, २६ नोव्हेंबर

घरातले सगळे दिवे लावून लिहायला बसले आहे.

आज नूपुर म्हणाली, "ताईनं तुमच्यासाठी गाणं धाडलं." आणि एका दमात म्हणून दाखवलं:

टकटक टकटक, कोण गं आत?
मी नि माझ्या मैत्रिणी सात.
दार उघड, बाहेर ये,
आधी माझं नाव घे!

हे गाणं माझं आहे. 'वाऱ्याचं दार' या पुस्तकात सोळा वर्षांपूर्वी लिहिलेलं. पाचशे प्रती छापल्या होत्या, त्यातल्या निम्म्या वाळवीनं खाल्ल्या. माझ्याकडेसुद्धा एकच आहे. शाळेच्या कपाटात पाहिलं, तिथे नाही. सोनिकानं नाव ऐकलेलं नाही. ती म्हणते, नूपुरच्या घरी कॅलेंडरशिवाय छापील कागद नाही.

"कोणी शिकवलं तुला?"

"सांगितलं ना. ताईनं."

ती अगदी साधेपणानं बोलत होती. मला तिच्या डोळ्यांकडे बघवेना. आपण रचलेलं गाणं एखाद्या भिंतीतून परत ऐकू येणं म्हणजे काय, ते मला आज कळलं. पण मुलांपुढे घाबरून चालत नाही. मी हसून विचारलं, "आणखी काय म्हणते ताई?"

"विचारते, मॅडमले माझी गोष्ट सांगितली का? त्या काय म्हणाल्या?"

साठ मुलं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, "तिला म्हणावं, मी लिहिते आहे. गोष्ट पुरी होईपर्यंत थांब. धीर धर."

नूपुरनं मान डोलावली. ओठ हलवत तिनं ते वाक्य दोनदा पाठ केलं.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

सात पानं झाली. चांगली झाली आहेत. भीती वाटते तेव्हाच मला चांगलं लिहिता येतं, हे बरं लक्षण नाही.

दुपारी शेजारच्या फ्लॅटमधून तीन ठोके आले. उठून भिंतीला कान लावला. मग आठवलं, त्यांच्याकडे सुतार आला आहे.

बुधवार, ३ डिसेंबर

शाळा सुटल्यावर सोनिकाला म्हटलं, मला ती भिंत बघायची आहे. पुस्तकासाठी. सोनिका नको म्हणत होती, तरी आली.

बापूजींचा बंगला पुढे आहे, खोल्यांची रांग मागे. नूपुरची खोली अगदी शेवटची. तिची आई दारातच आडवी उभी राहिली. आम्हाला आत घेतलं नाही.

"लेकरू हाय मॅडम, काहीबाही बोलते. तुमी मनावर नका घेऊ."

मी म्हटलं, काहीबाही कशाला, तिची गोष्ट छापणार आहोत.

ते ऐकून बाईचा चेहरा पांढरा पडला. "छापू नका! बापूजीनं वाचलं तं? आमच्या आधी या खोलीत सावनेरकडची बाई होती, तिनं तोंड उघडलं तं दुसऱ्या दिवशी सामान रस्त्यावर. आमी कुठं जाऊ?"

बापूजींना भुताखेताच्या गोष्टी चालत नसाव्यात. खोल्या रिकाम्या पडतील, ही भीती असेल.

रांगेला वळसा घालून मागे गेले. नूपुरच्या भिंतीला लागून एक बुटकी खोली आहे, पत्र्याच्या छपराची. दाराला मोठं कुलूप. खालची फळी कापलेली. बाहेर स्टीलचं ताट, चाटूनपुसून लख्ख, त्यावर मुंग्या. कुत्र्यासाठी ठेवत असतील. दाराजवळ उभी राहिले तेव्हा आतून काहीच आवाज नव्हता. पण रिकाम्या खोलीची शांतता निराळी असते. ही शांतता कोणीतरी श्वास रोखून धरल्यासारखी होती. असल्या कल्पनांवरच माझं पोट भरतं, म्हणा.

"फवारणीचं औषध हाय आत," मागून आवाज आला. बापूजी. कधी आले, कळलंच नाही. "वास बाधते, मॅडम. चला, चहा घ्या."

चहा छान होता. वेदिकाचा फोटो भिंतीवर पाहिला, कॉलेजातला. सुट्टीत येते का, विचारलं. सून कपबश्या उचलत होती, तिच्या हातून बशी निसटली. बापूजी म्हणाले, "अभ्यास लय राहते."

निघताना नूपुर फाटकापर्यंत धावत आली. "मॅडम, मी ताईले नाव विचारलं. थे म्हणते, तुमाले माहीत हाय. तुमी एकदा लिहिलं होतं."

मी काय लिहिलं होतं? कोणाचं नाव? परतताना बसमध्ये माझ्या पुस्तकांतली नावं एकेक करून आठवत बसले.

बुधवार, १० डिसेंबर

शेवटचा बुधवार. गोष्ट जवळजवळ पुरी झाली आहे. शेवटी ताई भिंतीतून पाखरू होऊन निघून जाते. मी तो शेवट वर्गात वाचून दाखवला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. नूपुरनं वाजवल्या नाहीत.

"काय गं, आवडलं नाही?"

"ताई ठोकत नाही आता."

"कधीपासून?"

"तुमी थांब म्हणाल्या ना. मी सांगितलं तिले. तवापासून नाही ठोकलं. आता बोलतही नाही, थांबून हाय. कालपासून ताट तसंच पडलं हाय."

तिनं हे तक्रारीसारखं सांगितलं नाही. मी सांगितलेलं काम झालं, असं सांगितलं.

घरी आले आणि चप्पलही न काढता माळ्यावरचा पत्र्याचा डबा उतरवला. मुलांची पत्रं मी टाकत नाही. 'वाऱ्याचं दार'ला एकूण अकरा पत्रं आली होती. सहावं पत्र वहीच्या पानावर, हिरव्या स्केचपेननं लिहिलेलं:

"ताई, तुमच्या गाण्यातल्या मुलीचं नाव तुम्ही लिहिलंच नाही. माझं नाव लिहाल का? कु. वेदिका, इयत्ता चौथी, बुटीबोरी."

मला आठवलं. मी उत्तर पाठवलं होतं. गाणं पुन्हा उतरवून काढलं होतं आणि खाली लिहिलं होतं, आत कोण आहे? वेदिका.

खाली फरशीवर बसले. बाहेर अजून उजेड होता. कुलूप बाहेरून. कापलेली फळी. ताट. तिच्या बाबानं ठेवलं. चार बुधवार एक मूल मला तेच सांगत होतं आणि मी वहीत "तपशील उत्तम" असं लिहून ठेवलं होतं. तो शेरा आत्ता मागची पानं उलटून पाहिला. माझंच अक्षर आहे.

सोनिकाला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, मलेही कधी कधी वाटे. पण माझी नोकरी त्यांच्याच शिफारशीनं लागली." आणि रडायला लागली. मी ११२ लावला.

गुरुवार, ११ डिसेंबर

काल संध्याकाळी फोनवरच्या माणसानं सगळं उतरवून घेतलं, पण गाडी गेली नाही. विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या बंदोबस्तात सगळी माणसं अडकली होती. सकाळी मी पत्र घेऊन चौकीत जाऊन बसले. तिथल्या हवालदारबाईंनी पत्र वाचलं, नूपुरचं चित्र पाहिलं आणि टोपी घातली. "चला. साहेबाले मी सांगते नंतर."

बापूजी अंगणात पेपर वाचत होते. अजिबात गडबडले नाहीत. "किल्ली पोराजवळ हाय, तो गावाले गेला. उद्या या." हवालदारबाई म्हणाल्या, बरं, तोवर दारापाशी जाऊन तर बघू.

दारापाशी ताट होतं. वरण वाळून त्याला भेगा पडलेल्या. बाईंनी दार वाजवलं, हाक मारली. काहीच नाही. पुन्हा हाक. नाही. बापूजी म्हणाले, "सांगितलं ना, औषध हाय."

रांगेतल्या बाया आपापल्या दारात आल्या होत्या. मला समजलं की ह्या सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या दिवशी वर्गातली मुलं जशी खाली बघत होती, तशाच त्या खाली बघत होत्या.

मी गुडघ्यांवर बसले. कापलेल्या फळीपाशी तोंड नेलं. आतून घाण वास आला. गाणं म्हटलं नाही. नुसतं म्हटलं, "वेदिका. मी कामिनीताई. गोष्ट संपली. बाहेर ये."

बराच वेळ काही नाही. मग एकदा. अगदी हळू. बोटाच्या पेरानं वाजवावं तसं.

हवालदारबाईंनी नूपुरच्या बापाकडून पहार मागितली. तो बापूजींकडे एकदाही न बघता ती घेऊन आला आणि कुलूप त्यानंच तोडलं.

आत काय होतं ते लिहीत नाही. मला लिहिता येईल, म्हणूनच लिहीत नाही.

रविवार, १४ डिसेंबर

वेदिका रामदासपेठेतल्या दवाखान्यात आहे, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. वय पंचवीस. वजन चौतीस किलो. गणपतीच्या आधीपासून ती त्या खोलीत होती. कारखान्यातल्या एका मुलाशी तिनं लग्न ठरवलं होतं, एवढंच. बापूजी आणि तिचा भाऊ कोठडीत आहेत. तो मुलगा, म्हणे, ऑगस्टमध्येच गाव सोडून गेला. त्याला काय सांगून घालवलं, कोणालाच ठाऊक नाही.

आज पहिल्यांदा भेटू दिलं. तिला पडदा ओढलेला किंवा दार मिटलेलं चालत नाही. माझ्याकडे बघून हसली. तिला माझा राग आलेला नाही, हेच मला सहन होईना.

म्हटलं, "वेदिका, मी थांब म्हणाले ते..."

"चांगलं झालं ना ताई. मी रोज मरायचं ठरवत होती. तुम्ही थांब म्हणाल्या, म्हणून थांबली."

नर्स आली आणि मी बाहेर पडले. हे दया म्हणून बोलली की खरं, मला ठरवता येत नाही. ठरवायचा अधिकारही माझा नाही. ठोकणं तिनं त्याच वाक्यामुळे सोडलं होतं. ती जगली, यात माझ्या शहाणपणाचा काडीचा वाटा नाही.

शनिवार, २० डिसेंबर

पेपरात बातमी आल्यापासून मधुकररावांचे रोज फोन. आज गांधीबागेत गेले. "बाई, आता हे पुस्तक जानेवारीतच काढू. वर 'सत्यकथा' छापू. लोक रांगा लावतील."

मी हस्तलिखित परत मागितलं.

"असं काय करता? तुमच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं पुस्तक आहे हे."

"आहे," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

त्यांनी रागानं पिशवी टेबलावर ठेवली. जिन्यात अमोल भेटला. त्याची चित्रंही त्यानं मला देऊन टाकली. पाखराचं चित्र सोडून सगळी पुरी होती. "ते मला जमलंच नाही, ताई," म्हणाला.

शुक्रवार, २ जानेवारी

बापूजींच्या सुनेनं नूपुरच्या घरच्यांना खोली सोडायला लावली. सोनिकानं त्यांना टाकळघाटकडे दुसरी खोली बघून दिली आहे. आज भेटायला गेले. नूपुरची आई पाया पडायला लागली, मी तिला धरलं.

नूपुर दाराबाहेर पाटीवर गणितं करत होती. मी शेजारी बसले.

"नवी शाळा कशी आहे?"

"बरी हाय."

"इथं काही नवीन गोष्ट?"

तिनं माझ्या खांद्याच्या पिशवीकडे पाहिलं. वही दिसत होती. "नाही मॅडम. इथं काहीच नाही." आणि पुन्हा गणिताला लागली.

मी तासभर बसले. तिनं दोनदा पाटी पुसून नवी गणितं मांडली.

बुधवार, २१ जानेवारी

जायचं नव्हतं. पण कळमेश्वर रस्त्यावरच्या या शाळेला ऑगस्टमध्ये शब्द दिला होता. वही घरी ठेवली.

तिसरीचा वर्ग. कोल्ह्याच्या, परीच्या, मोबाइलच्या गोष्टी झाल्या. मग एक पुढचे दात पडलेली मुलगी, हर्षा, म्हणाली, "आमच्या शेतातल्या विहिरीत एक बाई गाणं म्हणते."

मुलं हसली. काहींनी चिमटे काढले. शिक्षक म्हणाले, "बस खाली, हर्षा, रोज नवीन थाप." दोन महिन्यांपूर्वी मीही हसले असते.

"कोणती विहीर, बेटा?"

"नाल्यापलीकडची. पडीक."

"तुझ्याशिवाय आणखी कोणी ऐकलं?"

"आजीनं. आजी म्हणते पारवे हायेत."

शाळा सुटल्यावर तिला सोबत घेतलं. शिक्षक चकित होऊन पाहत राहिले, मग आमच्या मागे आले. तुरीच्या धुऱ्यावरून, शेतांच्या बांधाबांधानं, वीस मिनिटं चाललो. विहीर जुनी, बांधलेली, काठाला रुईची झुडपं. पोटावर आडवी झाले आणि आत डोकावले. खोल, हिरवट पाणी. कपारीत पारवे घुमत होते. टाळी वाजवली, तसे फडफडून वर आले आणि निघून गेले.

"पाहा," शिक्षक म्हणाले. "पारवेच आहेत, मॅडम. चला, ऊन तापलं."

मी तोंडाभोवती हात धरून हाक मारली. माझाच आवाज फिरून वर आला. पुन्हा मारली. मग गप्प राहून ऐकत पडले. पोटाखाली दगड टोचत होते. हर्षाही माझ्या बाजूला पालथी पडली आणि तिनं माझ्या साडीचा पदर मुठीत धरला.

"आयकू आलं?" तिनं कुजबुजत विचारलं.

"नाही गं."

"थे सकाळी म्हणते. पारवे दाणे खायला जातात, मंग."

शिक्षक घड्याळ बघत होते. मी उठले, गुडघे झाडले आणि त्यांना विचारलं, नागपूरहून इकडे यायला सकाळची पहिली बस किती वाजता सुटते.